निवारा की निवारण? जुन्नरच्या बिबट्यांच्या 'पुनर्वसना'ची पार्श्वभूमी

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी जे केंद्र आहे, त्याची बातम्यांमध्ये दोन नावं दिसतात. कुठे 'बिबट निवारा केंद्र' छापतात, कुठे 'बिबट निवारण केंद्र'. निवारा म्हणजे आसरा, आणि निवारण आपण संकटाचं किंवा तक्रारीचं करतो. फरक एका 'ण'चा असला तरी या केंद्राकडून लोकांनी गेली वीस-बावीस वर्षं दोन्ही गोष्टींची अपेक्षा ठेवली आहे, आणि गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

फार मागे जायची गरज नाही. इंग्रजी अमदानीत बिबट्या मारला की बक्षीस मिळे आणि संस्थानिकांकडे पाळलेली जनावरं असत. जखमी रानटी जनावर सांभाळून परत रानात सोडावं, ही कल्पना त्या काळच्या कारभारात बसणारी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबवली, पण पकडलेल्या जनावराचं पुढे काय करायचं याचा विचार सावकाश होत गेला. १९९१ च्या दुरुस्तीनं प्राणिसंग्रहालयांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं. ऑक्टोबर १९९८ मध्ये केंद्रानं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मग सर्कशींमधून बाहेर काढलेल्या सिंह-वाघांसाठी देशात ठिकठिकाणी बचाव केंद्रं उभी राहिली, आणि दरवेशांच्या अस्वलांसाठी आग्र्याजवळ एक.

ही सगळी जनावरं मरेपर्यंत सांभाळायची होती. पिंजऱ्यात जन्मलेला सर्कशीतला सिंह कुठल्या रानात सोडणार? त्यामुळे आपल्याकडच्या बचाव केंद्रांची घडणच वृद्धाश्रमासारखी झाली. कायद्याच्या व्याख्येतही बचाव केंद्र आजतागायत 'प्राणिसंग्रहालय' या शब्दात मोडतं. फक्त तिथं तिकीट लावून लोकांना जनावर दाखवता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं एवढंच स्पष्ट केलं की ही 'प्रदर्शनाबाहेरची' सोय आहे. आत आलेलं जनावर बरं होऊन बाहेर जाईल, हे या चौकटीत मुळात गृहीत धरलेलं नव्हतं.

जुन्नरचा प्रश्न निराळा होता. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात ऊस पसरला आणि बिबट्या उसात राहू लागला. तो वाट चुकून तिथं आलेला नव्हता, तिथंच जन्मत होता. दहा-बारा महिने उभा असलेला फड म्हणजे गारवा, आडोसा आणि बांधापलीकडे कुत्री, शेळ्या, डुकरं. त्याचं 'मूळ घर' म्हणून सह्याद्रीकडे बोट दाखवणं नकाशावर सोपं आहे. पण फडात जन्मलेल्या बिबट्याला त्या घराचा पत्ता कोण सांगणार?

आता २००१ ते २००३ या काळातल्या निर्णयाबद्दल. पार्श्वभूमीचा अर्धा भाग याच तीन वर्षांत आहे.

त्या आधी, १९९३ पासून, जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ च्या सुरुवातीपासून वनखात्यानं मोठ्या प्रमाणावर पिंजरे लावले. तीन वर्षांत शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यातले काही, पुढच्या अभ्यासात मोजले गेलेले २९, सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. उद्देश सरळ होता: बिबट्याला जंगल मिळेल आणि गावाला शांतता. झालं उलटंच. हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. जिथं बिबटे सोडले त्या ठिकाणांच्या आसपास, जिथं आधी अशा हल्ल्यांचा इतिहास नव्हता, तिथंही हल्ले सुरू झाले.

वनखात्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मूल गेलेल्या घरासमोर उभं राहून 'पिंजरा लावू नका' असं म्हणायची कुणाची हिंमत होणार? पिंजरा लागला की लोक निदान रात्री झोपतात. शिवाय कायद्याच्या कलम ११ प्रमाणे बिबट्या पकडायला वरच्या वन अधिकाऱ्याची परवानगी लागते, कारण कायद्याच्या व्याख्येत पकडणं हीसुद्धा 'शिकार'च. १ एप्रिल २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं त्याच कलमात आणखी दोन अटी घातल्या. पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल तरच मारायचा हुकूम द्यावा. आणि पकडलेलं जनावर रानात 'पुनर्वसित' होऊ शकत नाही अशी लेखी कारणं असल्याशिवाय त्याला कायमचं डांबू नये. म्हणजे पकडलेला बिबट्या ठेवायचा नाही आणि मारायचाही नाही. उरतं सोडणं. पण कुठं सोडायचं, याबद्दल कलम गप्प आहे.

त्या गप्प जागेत 'पुनर्वसन' हा शब्द येऊन बसला. मराठीत त्याचा अर्थ धरणांनी ठरवून टाकलेला आहे. माणिकडोहच्या परिसरात तर तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही: गाव पाण्याखाली जातं, माणसं ट्रकमध्ये सामान भरतात, दुसरीकडे प्लॉट मिळतो. पुनर्वसन म्हणजे दुसरीकडे वसवणं. वन्यजीवांच्या कामात मात्र तोच शब्द 'हाड जुळवा, जखम भरा, माणसाची सवय लागू देऊ नका आणि होता तिथं परत जाऊ द्या' या अर्थानं येतो. शब्द एकच, पण एकात जागा बदलते आणि दुसऱ्यात जागा तीच राहते. 'बिबट्याचं पुनर्वसन करा' या मागणीचा अर्थ प्रत्येक निवेदनात आणि प्रत्येक ग्रामसभेत पहिलाच होता. मला तरी वाटतं, 'परतवणी' असा एखादा साधा शब्द तेव्हा रूढ असता तर निदान भांडण नेमकं कशावर आहे हे कळलं असतं.

जागा बदलली की काय होतं, याचं सर्वांत नेमकं उदाहरण २००९ चं आहे. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्कर नर बाहेर काढला, गळ्यात जीपीएस कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडला. चमूनं त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. महिनाभराच्या आत तो सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या टोकाशी पोचला. वाटेत त्यानं माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला, आणि कातडीखालच्या मायक्रोचिपमुळे हा तोच, हे कळलं. जे जनावर सोडलं तिथं थांबतच नाही, त्याला वसवलं असं कसं म्हणायचं? २०११ मध्येच केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या. दिसला म्हणून पकडू नका, चुकून अडकलेला बिबट्या शक्यतो जवळच सोडा, असा त्यांचा रोख आहे.

माणिकडोहचं केंद्र पकडापकडीच्या धामधुमीतून उभं राहिलं, आणि २००७ पासून वनखात्याबरोबर एक स्वयंसेवी संस्था ते सांभाळते. आत जे बिबटे कायमचे आहेत, त्यातल्या काहींवर माणसावर हल्ल्याचा ठपका आहे, काही अपंग आहेत आणि काही पिल्लं असतानाच आले. आणखी एक प्रकार फारसा बोलला जात नाही. लोखंडी गजांच्या जुन्या पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या रात्रभर गज चावतो. सकाळी सुळा तुटलेला, कपाळ सोललेलं आणि नखं मुळापासून उखडलेली. सुळ्याशिवाय गळा धरता येत नाही, शिकार अवघड होते, आणि त्याला परत सोडताना कुणाचा हात धजावत नाही. म्हणजे जो पिंजरा त्याला सोडवण्यासाठी लावला, त्यानंच त्याला आयुष्यभराचा पाहुणा केलं.

पुढे यातून कामाची पद्धत बदलली. विहिरीत पडलेल्याला आधी दोरानं खाट सोडायची, म्हणजे तो तिच्यावर चढून दम खातो, आणि मगच पिंजरा उतरवायचा. ऊसतोडीतला बदल तर याहून मोठा. पूर्वी कोयत्यापुढे पिल्लं निघाली की कुणीतरी कडेवर घेऊन चौकीत आणे आणि ती केंद्रात वाढत. आता तोड थांबवतात. डॉक्टर पिल्लं तपासतात, गोचिड काढतात, चिप बसवतात आणि संध्याकाळी त्याच सरीत, सापडली तिथंच, क्रेटमध्ये ठेवून सगळे लांब जातात. जवळ एक कॅमेरा. अंधार पडला की मादी येते, क्रेट हुंगते, एकाला मानेशी धरून उचलते, थोड्या वेळानं दुसऱ्यासाठी परत येते. कधी पहिल्या रात्री येतच नाही. मग पुन्हा दुसऱ्या रात्री ठेवायचं.

२०१५ च्या सुमारास नागपुरात उपचार करून सोडण्यापुरतंच असं वेगळं केंद्र सुरू झालं आणि पुढे राज्यात इतरत्रही तशी झाली. बोलताना त्यांना 'टीटीसी'च म्हणतात, म्हणजे 'ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर'. तिथं मुक्काम तात्पुरता, हेच त्यांचं वेगळेपण.

जुन्नर-शिरूर पट्ट्यात अलीकडच्या वर्षांत हल्ले पुन्हा वाढले, लोक रस्त्यावर उतरले, आणि मागण्याही जुन्याच आल्या: पिंजरे वाढवा, केंद्र मोठं करा, बिबटे बाहेर पाठवा. माणिकडोहचे काही बिबटे गुजरातमधल्या एका खासगी केंद्रात गेलेसुद्धा. नसबंदीचा प्रस्तावही पुढे आला. एक बिबट्या उचलला की त्याच्या रिकाम्या फडात दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, येऊन बसतो, हे पकडापकडीच्या त्या तीन वर्षांनी दाखवलं होतं असं या कामातली बरीच माणसं सांगतात. ग्रामसभेत हे ऐकून घ्यायला फारसं कुणी तयार नसतं. आणि शेतात रात्रपाळीची लाईट आली की पाणी द्यायला त्याच फडात उतरावं लागणाऱ्याला त्याबद्दल दोष देता येत नाही.