मराठवाड्यातील नोकरी, कायमपणा आणि कामाची गोडी

रोजचे काम माणसाला आवडते की ते केवळ पोटासाठी ओढले जाते, हा प्रश्न अलीकडे मराठवाड्यातही उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. मात्र त्याचे उत्तर बहुतेक वेळा कामाच्या स्वरूपापेक्षा कामाच्या अटींकडे वळते. ‘काम कसे आहे’ असे विचारले की ‘अजून पर्मनंट नाही’, ‘पगार तीन महिन्यांनी होतो’, ‘मान्यता अडकली आहे’ अशी उत्तरे मिळतात. ही सवय कशी जडली, याचा मागोवा या टिपणात घेतला आहे. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर नेमणाऱ्या राज्य सरकारच्या शिक्षणसेवक योजनेला येथे इतर बाबींपेक्षा बरीच अधिक जागा दिली आहे, कारण एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, एकच विषय शिकवणाऱ्या दोन माणसांच्या समाधानात केवळ अटींमुळे किती अंतर पडते, हे त्या निर्णयाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशातूनही दिसलेले नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. बलुतेदारीत काम जन्माबरोबर येत होते आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळत होता. सालगड्याचे साल पाडव्याला ठरत होते, आणि मालक बदलायचा की नाही एवढीच काय ती निवड त्याच्या हाती वर्षातून एकदा येत होती, तीही अंगावर बाकी नसेल तर. तेरचे कुंभार संत गोरोबा आणि गंगाखेडची दासी संत जनाबाई यांची उदाहरणे व्याख्यानांतून नेहमी दिली जातात आणि आपले पूर्वज आपापल्या कामात रमलेले होते, असा निष्कर्ष त्यांवरून काढला जातो. माती तुडवताना किंवा दळण दळताना देव सापडल्याची ती साक्ष खरी मानली, तरी त्या मातीला आणि त्या दळणाला मोल काय मिळत होते, याचा त्यातून उलगडा होत नाही, आणि व्याख्यातेही त्या वाटेला जात नाहीत.

निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चालत असल्यामुळे मराठी घरातील मुलाच्या वाट्याला वरच्या जागा क्वचित येत होत्या. गावपातळीवर पटवारी किंवा शाळामास्तर ही त्याची सामान्य मजल होती. याच काळात, १९१७ साली अंबाजोगाईला आणि १९२१ साली हिप्परग्याला खाजगी प्रयत्नांतून मराठी शाळा उभ्या राहिल्या. तिथल्या शिक्षकांनी तुटपुंज्या वेतनावर मन लावून काम केले, आणि त्या पिढीची आठवण पुढे मास्तरकीचे माप बनली. या मापाचा पुढील काळात झालेला उपयोग मात्र फारसा उदार नव्हता. कमी पैशांत काम करायला लावायचे असले की ‘त्या काळचे गुरुजी कसे होते’ हे वाक्य हाताशी असायचे.

१९४८ च्या मुक्तीनंतर, विशेषतः १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आल्यानंतर, शाळा, तहसील कचेऱ्या, पाटबंधारे आणि पुढे जिल्हा परिषदा यांत हजारो घरांतील पहिला माणूस ‘नोकरीला चिकटला’. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ सुरू झाल्यावर पदवीधरांची संख्या वाढली, पण नोकऱ्या त्या गतीने वाढल्या नाहीत. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात नोकरभरतीतील अन्यायाची भावना ठळक होती आणि वसमत येथील गोळीबारात दोन विद्यार्थ्यांचा जीव गेला. नोकरीत आवड शोधण्याची चैन त्या पिढीला परवडणारी नव्हती. नोकरी मिळणे हीच प्रतिष्ठा होती, आणि ती मिळाल्यावर कामाबद्दल तक्रार करणे घरच्यांना कृतघ्नपणाचे वाटत होते.

त्याच सुमारास १९७२ च्या दुष्काळाने कामाची दुसरी बाजू दाखवली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांवर कालपर्यंत स्वतःचे बैल राखून असलेला शेतकरी आणि भूमिहीन मजूर एकाच रांगेत बसले. मिलो ज्वारी आणि सुकडी यांच्या आठवणी अजूनही घराघरांत निघतात. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम देण्याचे तत्त्व राज्याने येथे प्रथम कायद्यात आणले. काम मापावर होते आणि मजुरी मापाप्रमाणे होती. ते काम कुणाला आवडत असेल अशी अपेक्षाही कुणी केली नव्हती, तरी स्वतःच्या नावावर हजेरी लागणे आणि मजुरी स्वतःच्या हातात पडणे याला अनेक स्त्रियांच्या लेखी जे मोल होते, ते कामाच्या कष्टाने कमी झाले नाही.

ऊसतोडीचा विचार येथे टाळता येत नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतील टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामात फेडायची असते. बहुतेक वेळा ती लग्न, आजारपण किंवा बियाणे यांवर आधीच खर्च झालेली असते, त्यामुळे टनामागचा दर हातात पडण्यापूर्वीच वळता होतो. रोजचा बाजार वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चारा म्हणून विकून भागवला जातो. २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. ही वाढ लक्षणीय असली तरी उचलीची पद्धत तशीच राहिली. पहाटे थंडीत फडात उतरणे किंवा रात्री वाहन भरायला उठणे यांपेक्षा ‘बाकी राहिली’ हे शब्द मजुराला अधिक टोचतात, कारण पुढच्या वर्षी जायचे की नाही हे मग त्याच्या हाती उरत नाही.

आता मुख्य निर्णयाकडे वळता येईल. पाचव्या वेतन आयोगाचा बोजा तिजोरीवर पडल्यानंतर राज्याने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. नव्याने नेमलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काम करायचे आणि सेवा समाधानकारक ठरल्यास त्यानंतर नियमित वेतनश्रेणीत यायचे, अशी तिची रचना होती. मानधन प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० रुपये होते. त्या वेळी प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी ४,५०० रुपयांपासून सुरू होत होती आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे वेगळे मिळत होते.

योजनेच्या बाजूने मांडले गेलेले मुद्दे निराधार नव्हते. रिक्त जागा मोठ्या प्रमाणावर होत्या, पूर्ण वेतनावर त्या भरणे परवडत नसल्यामुळे शाळा शिक्षकांविना चालत होत्या, आणि मानधनावर का होईना, माणूस वर्गात उभा राहिला. मराठवाड्यातील वाड्या-तांड्यांवरच्या अनेक शाळांना दुसरा शिक्षक या योजनेमुळेच मिळाला. उमेदवारांनीही ती आनंदाने स्वीकारली, हे मान्य करावे लागते. बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुले त्या काळात अभियांत्रिकी सोडून डी.एड.ला गेली, कारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तीन वर्षांचे मानधन आणि मग आयुष्यभराचा पगार हा हिशेब शेतकरी घराला सहज पटणारा होता.

विरोधातील मुद्दा अधिक साधा होता आणि या टिपणाच्या मते अधिक वजनदार होता. शिक्षणसेवकाकडे वर्ग पूर्ण होता, जनगणना आणि निवडणूक पूर्ण होती, पुढे सुरू झालेल्या शिजवलेल्या पोषण आहाराची नोंदवहीही पूर्ण होती, फक्त पगार पूर्ण नव्हता. तीन वर्षांत काम समाधानकारक आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार वरच्यांकडे असल्यामुळे नकार देण्याची सोय त्याला नव्हती. ज्या कामाला कायम शिक्षक नाक मुरडत, ते काम ‘नव्या सरां’कडे किंवा ‘नव्या बाईं’कडे सरकत होते. अशा शाळेत दोघांना विचारले असते, तर शिकवणे दोघांनाही आवडते असेच उत्तर आले असते. नोकरी आवडते का, या प्रश्नाला मात्र एकाने होकार दिला असता आणि दुसऱ्याने तारीख सांगितली असती, म्हणजे आपली तीन वर्षे ज्या दिवशी पूर्ण होतात ती तारीख.

योजनेच्या समर्थकांनी ही अवस्था तात्पुरती असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात तिचा काच वर्षागणिक वाढला. सहाव्या वेतन आयोगाची अंमलबजावणी २००९ साली झाली तेव्हा कायम शिक्षकांचे वेतन वाढले, पण मानधनाचे आकडे जागेवरच होते. २०१२ च्या सुमारास ते ६,०००, ८,००० आणि ९,००० झाले. त्यानंतर सातवा आयोग येऊन गेला तरी दशकभर त्यात बदल झाला नाही. उच्च न्यायालयाने या रकमेवर बोट ठेवल्यानंतर २०२३ साली ती १६,०००, १८,००० आणि २०,००० अशी करण्यात आली. एका योजनेत दोन दशकांहून अधिक काळात मानधन फक्त दोनदा वाढले, ही बाब तिचा हेतू काय होता याविषयी पुरेसे बोलते.

दरम्यान भरतीच थांबली. प्रत्यक्षात नसलेली मुले पटावर दाखवली जात असल्याचे नांदेड जिल्ह्यातील पडताळणीत आढळल्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर पटपडताळणी झाली. पुढे २ मे २०१२ च्या निर्णयाने अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नव्या नेमणुकांना मनाई झाली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली आणि ऑनलाइन भरतीची यंत्रणा उभी राहिली. ज्या डी.एड. महाविद्यालयांत प्रवेशासाठी रांगा लागत होत्या, त्यांतील बरीच ओस पडून बंद झाली. त्या सात-आठ वर्षांत डी.एड. पूर्ण केलेल्यांची एक संपूर्ण पिढी कापड दुकानात, पतसंस्थेत, खाजगी शिकवणीत किंवा वाळूजच्या कंपन्यांत कामाला लागली. हातातल्या कामाबद्दल त्यांचे मत विचारले तर ते न मिळालेल्या कामाबद्दल बोलतात.

खाजगी संस्थांच्या शाळांतील गुंता याहून वाईट होता. नोव्हेंबर २००१ मध्ये नव्या शाळांना कायम विनाअनुदान तत्त्वावर, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळण्याच्या अटीवर, परवानगी देण्याचे धोरण आले, २० जुलै २००९ रोजी त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला, २०११ मध्ये मूल्यांकनाचे निकष ठरले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान मिळाले. म्हणजे सुरुवातीला रुजू झालेल्या शिक्षकाने पंधरा वर्षे काढल्यावर त्याला पगाराचा पाचवा हिस्सा मिळू लागला. या काळात अनेक जण सकाळी शेतात किंवा दूध डेअरीवर आणि अकरा वाजता शाळेत, असे दुहेरी आयुष्य जगले. बाहेरून पाहणाऱ्याला हे अनाकलनीय वाटते. आतल्या माणसाला मात्र सोडून जाणे म्हणजे सेवाज्येष्ठता, संस्थेला दिलेली रक्कम आणि एक दिवस अनुदान येईल ही आशा, अशा तिन्ही गोष्टींवर पाणी सोडणे होते.

निवृत्तिवेतनाचा वादही याच काळाशी जोडलेला आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी योजना बंद झाली. त्या तारखेपूर्वी नेमणूक झालेली असूनही ज्यांची शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली, त्यांचे काय, हा प्रश्न न्यायालयांत गेला. मार्च २०२३ मध्ये राज्यभर झालेल्या संपात मराठवाड्यातील शिक्षकही उतरले होते. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती, त्यांना २०२४ च्या सुरुवातीला जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला. एकाच शिक्षककक्षात बसणाऱ्यांचे आता तीन गट पडले आहेत, आणि निवृत्तीला वीस वर्षे बाकी असलेला शिक्षकही आपण कोणत्या गटात आहोत हे आधी सांगतो.

शिक्षणातील ही रीत इतरत्र पसरायला वेळ लागला नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आले, कृषी विभागात कृषिसेवक आले, आरोग्य विभागात कंत्राटी परिचारिका आल्या. कारखानदारीत, जिथे १९८५ नंतर वाळूजच्या मोठ्या वाहन कारखान्याने कायम कामगारांची एक सुस्थित पिढी घडवली होती, तिथे नव्या मुलांच्या हाती प्रशिक्षणार्थीचे किंवा ठेकेदाराचे ओळखपत्र पडू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत सरकारी पदे भरण्याचा निर्णय निघाला आणि विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घेण्यात आला. त्याच हंगामात मराठवाड्यातून उठलेल्या आरक्षणाच्या आंदोलनामागेही शेतीची पडझड आणि सरकारी नोकरीची ओढ होती. सोयरीक जुळवतानाही मुलगा काय करतो यानंतर लगेच कायम आहे का, हे विचारले जाते.

या साऱ्याची नोंद अधिकृत पाहण्यांत अर्धीच उतरते. २०१७ पासून होणाऱ्या श्रमशक्तीच्या पाहणीत नियमित वेतनावरील माणसाला लेखी करार आहे का, भरपगारी रजा मिळते का, सामाजिक सुरक्षेचा लाभ आहे का, हे विचारले जाते, आणि ते उपयुक्तही आहे. काम आवडते का, हा स्तंभ त्यात नाही. कायम झालेल्या शिक्षकांच्या तक्रारीही त्यामुळे कुठे उमटत नाहीत. त्यांच्या तक्रारी वेगळ्या आहेत. ऑनलाइन माहिती भरणे, मतदार याद्या, मुख्यालयी राहण्यावरून होणारी कुरबूर आणि तालुक्याच्या गावाहून रोजचे अपडाऊन यांत वर्गासाठी उरलेला वेळ कमी होत जातो. पगाराची चिंता मिटल्यावर कामाच्या स्वरूपाबद्दलची नाराजी बोलायला जागा होते, असे या तक्रारींवरून म्हणता येते, आणि शिक्षणसेवकाच्या तोंडी त्या क्वचितच का येतात याचेही कारण तेच असावे.

शिक्षणसेवक योजना रद्द करण्याची मागणी अजून मान्य झालेली नाही. २०२४ च्या भरतीत नेमले गेलेले उमेदवार, ज्यांतील काही जण पस्तिशी ओलांडून प्रथमच वर्गात उभे राहिले आहेत, स्तरानुसार १६,००० ते २०,००० रुपयांवर काम करत आहेत आणि त्यांची तीन वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होणार आहेत.