वाइड प्राइम घेण्याआधी: १६ की २३, आणि एफ/१.४ कशासाठी
(क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

वाइड प्राइम म्हणजे रुंद दृश्य दाखवणारी, झूम नसलेली लेन्स. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा लहान) १६ मिमीची लेन्स फुल फ्रेमच्या २४ मिमीइतकं दृश्य दाखवते आणि २३ मिमीची ३५ इतकं. सोनी, फुजी, निकॉनला १.५ ने गुणायचं, कॅननला १.६ ने. दहा बाय दहाच्या खोलीत बारशाला जमलेली सगळी मंडळी एका फ्रेममध्ये हवी असतील तर १६ लागेलच. मात्र कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई रुंद दिसतील. तो लेन्सचा दोष नाही, इतक्या वाइड कोनात तसं होतंच. माणसांचेच फोटो जास्त काढत असाल तर आमचं मत २३ ला.

ठरत नसेल तर किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली झूम) १६ वर ठेवा (१८ पासून सुरू होत असेल तर १८ वर) आणि दोन दिवस झूमला हात लावू नका. पुढचे दोन दिवस २३ वर. कुठे अडलं ते लगेच कळतं.

आता अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र. एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. किट लेन्स १६ वर एफ/३.५ पर्यंतच उघडते. एफ/१.४ त्याच्या सव्वासहा पट प्रकाश आत घेते. म्हणजे गणपतीच्या मंडपात जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत होता, तिथे शटर स्पीड तोच ठेवून १००० वर भागतं. एफ/२.८ ची प्राइम घेतलीत तर फायदा जेमतेम दीडपट. तिची खरी किंमत हलकेपणात आहे: फुजीची १६ मिमी एफ/२.८ १५५ ग्रॅमची, एफ/१.४ ची ३७५ ग्रॅमची.

मागचं सगळं धूसर होईल म्हणून मात्र एफ/१.४ ची वाइड लेन्स घेऊ नका. १६ मिमीला, एफ/१.४ वर, दोन मीटरवर फोकस केलात तरी साधारण १.६५ ते २.५५ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. ग्रुप फोटोच्या दोन रांगांना हे बरंच आहे. पाच मीटरवर फोकस केलात तर धूसर होण्यासारखं फारसं उरतच नाही. मोदकांच्या ताटाच्या अगदी जवळ गेलात तरच मागचं विरघळतं. म्हणून किमान फोकस अंतर बघा: सिग्माच्या १६ मिमी एफ/१.४ चं २५ सेंमी, फुजीच्या त्याच आकड्याच्या लेन्सचं १५.

वजनही हातात घेऊन बघा. सिग्मा ४०५ ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा. छोट्या बॉडीवर कॅमेरा पुढे झुकतो. सोनीची १५ मिमी एफ/१.४ जी २१९ ग्रॅमची, फिल्टर ५५ चा, पण खिसा बराच हलका करते. सिग्मा, सोनी आणि फुजीची एफ/१.४, तिन्हींत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही. बॉडीतही नसेल तर चालता चालता काढलेला व्हिडिओ हलणारच.

मंडपातल्या एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे आले तर लेन्सला बोल लावू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट शटर बंद करा आणि शटर स्पीड १/५० किंवा १/१०० वर आणा.

लेन्स घेताना चारही कोपरे तपासा. ट्रायपॉडवर, एफ/१.४ ला, लांबच्या पाण्याच्या टाकीवर मधोमध फोकस करून फोकस मॅन्युअलवर टाका. मग कॅमेरा फिरवून तीच टाकी एकेका कोपऱ्यात आणून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ आले तर हरकत नाही. एकच कोपरा पुसट आला तर आतली काच सरकलेली आहे. तो नग घेऊ नका. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) कडा काळवंडलेल्या दिसल्या तर घाबरू नका, जेपेगमध्ये कॅमेरा ते सुधारतो.

पावसाळ्यात लेन्स बॅगेत पडून राहिली की बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या.

दुकानात येताना स्वतःचा कॅमेरा, भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड आणा. एकच सिग्मा वेगवेगळ्या माउंटमध्ये (कॅमेऱ्याला लेन्स बसवायच्या जोडणीत) मिळते, तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याला बसणारीच घ्यावी लागते.