चेतापेशीतील आरएनए-वहन आणि ऱ्हासाचे विकार

चेतापेशीच्या केंद्रकात तयार झालेला संदेशवाहक आरएनए (प्रथिन कसे घडवायचे हे सांगणारी जनुकाची नक्कल) तिच्या दूरच्या टोकांपर्यंत नेणे आणि तिथेच त्यावरून प्रथिने घडवणे, याला आरएनए-वहन व स्थानिक प्रथिननिर्मिती म्हणतात. ही व्यवस्था बिघडणे हे एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा विकार), एसएमए (अशाच चेतापेशींचा, बहुधा लहान मुलांत दिसणारा आनुवंशिक विकार) यांसारख्या विकारांच्या मुळाशी असलेले एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

पायाची बोटे हलवणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग मज्जारज्जूत असतो आणि तिचा अक्षतंतू (संदेश नेणारा लांब धागा) सुमारे १ मीटर लांब जातो. या तंतूतून अनेक प्रथिने दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात. टोक गाठायला त्यांना महिने लागतील. बीडची ऊसतोड कुटुंबे फडावर निघतात तेव्हा सहा महिन्यांच्या भाकरी बांधून घेत नाहीत. धान्य, तवा, परात नेतात आणि कोपीपुढच्या चुलीवर लागेल तशी भाकरी थापतात. पेशीचेही तसेच. आरएनएला चिकटणारी प्रथिने त्याचे कण बांधतात, कायनेसिनसारखी वाहक प्रथिने ते कण सूक्ष्मनलिकांवरून ओढून नेतात. वाटेत संदेश मुका ठेवलेला असतो. मुक्कामी पोचल्यावरच रायबोसोम (पेशीतील प्रथिने घडवणारी यंत्रे) तो वाचतात. चेतापेशीच्या शाखांवर, संधिस्थानांजवळ (जिथे एक चेतापेशी दुसरीला संदेश देते) रायबोसोमचे पुंजके असल्याचे स्टीवर्ड आणि लेव्ही यांनी १९८२ मध्ये दाखवले.

एएलएसमध्ये बहुतेक सर्व रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ या प्रथिनाच्या गाठी सापडतात, हे २००६ मध्ये उघड झाले. एरवी हे प्रथिन मुख्यतः केंद्रकात राहून आरएनएची काटछाट (नको ते तुकडे काढून उरलेले जोडणे) नीट करते आणि काही संदेशांना टोकापर्यंत सोबत करते. ते बाहेर येऊन गोठले की दोन्ही कामे अडतात. चालताना पायातली चप्पल निसटू लागते, पंजा जमिनीला घासतो; घरात ‘नस दबली’ म्हणून महिनोन्‌महिने मालिश चालते. दरम्यान पेशी टोकाकडून वाळत आलेली असते. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञाला लवकर दाखवणे फार गरजेचे आहे.

घडी बिघडलेली प्रथिने साचली तर पेशी प्रथिननिर्मितीलाच लगाम घालते. तो फार काळ आवळलेला राहिला की संधिस्थाने उपाशी पडतात. प्रायॉनबाधित (घडी बिघडलेल्या, संसर्ग पसरवणाऱ्या प्रथिनाची बाधा झालेल्या) उंदरांत हे २०१२ मध्ये दिसले.

एसएमएच्या तीव्र प्रकारात बाळ मान धरत नाही, पाय उचलत नाही. यात एसएमएन१ हे जनुक सदोष असते; ते १९९५ मध्ये ओळखले गेले. त्याचे प्रथिन आरएनए-यंत्रणेची जुळणी करते आणि अक्षतंतूतील संदेशवहनालाही हातभार लावते. यांपैकी कोणते काम अडल्याने पेशी मरते, यावर मतभेद आहेत. न्युसिनर्सेन (अमेरिकेत मान्यता २०१६) आणि रिस्डिप्लाम (२०२०) ही औषधे एसएमएन२ या जुळ्या जनुकाच्या आरएनएची काटछाट सुधारतात.

एसएमए हा अप्रभावी (रिसेसिव्ह) विकार आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो: आईबाप दोघेही वाहक, पण स्वतः धडधाकट. मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची चाल मराठवाड्यात अजून आहे, आणि जवळच्या नात्यात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. दोघे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताच्या जनुकीय तपासणीतून वाहक ओळखता येतो, आणि ती लग्नाआधीही करता येते.