घोळच्या वाफ्यातलं सोंग

गेल्या श्रावणात काढलेला एक फोटो मी चार महिने चुकीच्या नावाने मिरवला. अमळनेरला आमच्या घरामागे जेमतेम पाऊण गुंठ्याचं परस आहे. तिथल्या झिनियाच्या फुलावर एक नारिंगी फुलपाखरू बसलं होतं. पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा. बघताक्षणी म्हटलं, प्लेन टायगर. मराठीत याला बिबळ्या कडवा म्हणतात. आमच्याकडे तो इतका दिसतो की शंकेला जागाच नव्हती. घरच्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, वीसेक अंगठे आले, विषय संपला.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तोच फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहत होतो आणि ठिपक्यांवर अडलो. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखावर, अगदी मध्यभागी काळे ठिपके असतात. मादीला तीन, नराला चार. माझ्या फोटोत मध्यभाग कोरा होता. पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा डाग, बाकी सगळं नारिंगी मैदान. मग अंगाकडे पाहिलं. कडव्याचं डोकं आणि छाती काळी असते आणि त्यावर तीळ उधळल्यासारखे पांढरे ठिपके असतात. हिचं अंग नुसतं तपकिरी. म्हणजे हा कडवा नव्हताच. ही डॅनिड एगफ्लायची, म्हणजे छोट्या चांदव्याची मादी होती, कडव्याचं सोंग घेतलेली.

साक्रीकडच्या भोवाड्यात सोंगं नाचतात तेव्हा मुखवट्याआड कोण आहे हे गावातल्या पोरांना लगेच कळतं. मुखवटा देवाचा असला तरी चालण्याची ढब आणि पाय ओळखीचे असतात. फुलपाखरांचंही तसंच आहे. पंख वाटेल ते सांगतात, अंग सहसा खोटं बोलत नाही. आपण मात्र फोटो पंखांचाच काढतो.

हे सोंग कशासाठी, त्याचं उत्तर रस्त्याच्या कडेच्या रुईत आहे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच रुई. तिच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालणारी द्रव्यं असतात. शेळ्या-मेंढ्याही सहसा तिला तोंड लावत नाहीत. कडव्याची अळी नेमकी तीच पानं खाते आणि विष अंगात साठवून ठेवते. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची ही अळी लपायच्या भानगडीत पडत नाही, उघड्यावर निवांत चरत असते. तिचं फुलपाखरू झालं तरी कडूपणा अंगातच राहतो. मराठी नावातला ‘कडवा’ त्यावरूनच. कडव्याच्याच कुळातलं अमेरिकेतलं मोनार्क फुलपाखरू एका पक्ष्याला खायला घातलं तर काय होतं, हे लिंकन ब्राउअर यांनी १९६०च्या दशकात दाखवलं. ब्लू जे नावाच्या त्या पक्ष्याने फुलपाखरू खाल्लं, थोड्या वेळाने ओकलं, आणि पुढे तसलं फुलपाखरू दिसलं की तोंड फिरवलं. एकदाच अद्दल घडली.

चांदव्याच्या अळीला मात्र हे विष मिळत नाही. तिची मादी नुसता गणवेश उसना घेते. अशा सोंगाचा उलगडा पहिल्यांदा हेन्री बेट्सने केला. तो अॅमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं फुलपाखरं गोळा करत होता, आणि १८६२ साली त्याने मांडलं की चवदार जाती बेचव जातींची नक्कल करून पक्ष्यांना फसवतात. यात एक अट आहे. सोंगाडे थोडे आणि खरे कडू जास्त असले पाहिजेत, नाहीतर पक्ष्यांना नारिंगी घास गोड लागतो हे कळायला वेळ लागणार नाही. म्हणूनच कडवे रोज भेटतात आणि चांदव्याची मादी क्वचित. आणि म्हणूनच माझ्यासारखा माणूस तिला कडवाच समजतो. पक्ष्यांच्या रांगेत मीही उभा होतो म्हणायचा.

नर मात्र असलं काही करत नाही. मखमली काळे पंख, एका बाजूला तीन असे दोन्हीकडचे मिळून सहा पांढरे चंद्र, आणि प्रत्येक चंद्राभोवती जांभळट निळी झाक. ही झाक रंगाने आलेली नसते. पंखांवरच्या खवल्यांची रचनाच अशी असते की त्यावरून परतणारा प्रकाश एका ठरावीक कोनातूनच निळा दिसतो. समोरून फोटो काढला की नुसतं काळं-पांढरं येतं, आणि लोक म्हणतात, कॅमेरा बरा नाही. कॅमेरा ठीक असतो. दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा काढावा. नर तोवर बहुधा तिथेच असतो, कारण त्याने एक फांदी धरलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फुलपाखराच्या मागे धावतो आणि फिरून त्याच फांदीवर येऊन बसतो. त्याच्यामागे पळण्यात अर्थ नाही. फांदीसमोर मोबाईल धरून उभं राहावं.

एवढं कळल्यावर फोटो काढण्याची माझी रीतच बदलली. पूर्वी मी फूल, प्रकाश, मागचा हिरवा रंग असं सगळं जुळवत बसायचो. आता आधी मिळेल तसा एक फोटो घेतो, मग जवळ जातो. फुलपाखराला आपल्याइतका बारीक तपशील दिसत नाही, पण हालचाल त्याला फार पटकन कळते. हळू, वाकून, तिरपं जावं, आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. सावली पडली की गेलंच. मोबाईल पंखाला समांतर धरावा, नाहीतर पंखाचं एक टोक स्पष्ट आणि दुसरं धुरकट येतं आणि ठिपके मोजताना नेमके तेच धुरकट भागात सापडतात. मोबाईलमधल्या मॅक्रोचा मोह टाळावा, असं माझं मत. त्यासाठी फुलपाखराच्या दोन-तीन इंचांवर जावं लागतं, आणि एवढं जवळ फक्त मेलेलं किंवा गारठलेलं फुलपाखरू येऊ देतं. फूट-दीड फुटावरून दुपटीचा झूम करून काढलेला फोटो नंतर कापून घेता येतो. कॅमेरा असेल तर शटर एक पाचशेअंश सेकंदाच्या आसपास ठेवावं. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांसाठी स्क्रीनवर बोट टेकवून उजेड थोडा उतरवावा, नाहीतर पंखाचा नुसता चुन्याचा डाग उरतो.

आणि पाय मोजावेत. हे मला फार उशिरा समजलं. कीटक म्हणून फुलपाखराला सहा पाय असतात, पण कडवे, चांदवे, भिरभिऱ्या, हबशी या सगळ्यांचे पुढचे दोन पाय आखडून छातीशी दुमडलेले असतात. ती चार पायांवर उभी असतात. लिंबाचं लाइम बटरफ्लाय किंवा पिवळी फुलपाखरं सहाही पाय टेकतात. फोटोत पाय आले असतील तर निम्मी पुस्तकं मिटूनच ठेवता येतात. भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत, तेव्हा अशी चाळणी लागतेच.

पंखांची खालची बाजू तर हवीच. पावसाळ्यानंतर गवतावर बागडणारी लहान पिवळी फुलपाखरं सगळ्यांनी पाहिली आहेत. ती बसली की पंख मिटूनच बसतात, वरची बाजू दाखवतच नाहीत. नाव ठरतं ते पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूच्या बारीक खुणांवरून. बुडाजवळच्या भागात दोन खुणा असतील तर कॉमन ग्रास यलो, तीन असतील तर थ्री-स्पॉट. तीळभर खुणा, त्याही वाऱ्यावर हलणाऱ्या. एका ‘यलो’साठी मी एकदा अर्धा तास टाकळ्याच्या झुडपाशी उकिडवा बसलो होतो. शेजारच्या आक्कांनी भिंतीवरून विचारलं, “काय शोधी राहिना रे?” ठिपके मोजतोय म्हटलं. त्या काही न बोलता आत गेल्या.

कढीपत्त्यावर तर सोंगांचा कारखानाच आहे. कॉमन मॉरमॉन नावाचं मोठं काळं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. त्याचा नर एकाच वेषात असतो, मादीचे वेष मात्र तीन. एक नरासारखा. दुसरा कॉमन रोझसारखा आणि तिसरा क्रिमझन रोझसारखा, आणि ही दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरं विषारी. एकाच आईच्या लेकी वेगवेगळ्या वेषात कशा, यावर कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की ही सगळी किल्ली डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकात आहे. कीटकांमध्ये नर-मादी घडवण्याचं काम करणारं हे जनुक इथे पोशाखही ठरवतं. घरी ओळखायला जनुकं लागत नाहीत. खऱ्या ‘रोझ’चं पोट लाल असतं, मॉरमॉनच्या मादीचं काळं. पुन्हा तेच. पंख रंगवले, अंग रंगवायचं राहिलं.

कागदी लिंबावरच्या लाइम बटरफ्लायचं सोंग लहानपणीचंच. कोवळ्या अळ्या हुबेहूब पक्ष्याची शीट दिसतात, काळपट आणि मध्ये पांढरी. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. या अळ्यांसाठी मी कित्येक वर्षं लिंबावर औषध मारत होतो. चार फुटांचं एक झाड त्यांना सोडलं, तरी लोणच्यापुरती लिंबं निघतातच.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे चैत्र-वैशाखात सकाळी नऊनंतर बाहेर काही मिळत नाही. पारा ४४-४५ वर जातो, फुलपाखरं सावलीत दडतात आणि माणसंही. खरी मजा थंडीतल्या सकाळी असते. फुलपाखराचं रक्त स्वतः गरम होत नाही, उडायला छातीतले स्नायू उन्हाने तापावे लागतात. म्हणून आठ-साडेआठला भिरभिऱ्या पंख सपाट उघडून भिंतीवर, वाळत घातलेल्या पापडाच्या प्लास्टिकवर, कुठेही ऊन खात बसतात. तेव्हा अगदी हातभर अंतरावर जाता येतं. यासाठी फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवून गारठवणारे महाभागही आहेत. त्यांचे फोटो नीट पाहिले तर पाय फुलाला धरलेले नसतात.

फुलांवर न येणाऱ्यांसाठी केळं. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला फुलपाखरंही नाही म्हणत नाहीत. साल काळी पडलेलं, वास सुटलेलं केळं फोडून ताटलीत ठेवलं की संध्याकाळी इव्हनिंग ब्राउन येतं. हे फुलपाखरू ऋतूप्रमाणे कपडे बदलतं. पावसाळ्यात पंखाखाली डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग असते. गवत वाळलं की पुढची पिढी वाळक्या पानाच्या रंगाची निघते आणि डोळे जवळजवळ पुसले जातात. त्यामुळे दोन ऋतूंतले फोटो दोन जाती म्हणून जपून ठेवणारे मला भेटले आहेत. त्यांतला एक मी.

फोटोसोबत तारीख आणि जवळचं झाड लिहून ठेवायची सवय मला त्या चांदव्यानेच लावली. झिनियावर मध मिळतो, पण मादी परसात आली कशाला, हा प्रश्न उरलाच होता. उत्तर नळाजवळ निघालं. तिथे घोळ माजते. तीच भाजीची घोळ, डाळ घालून करतात ती. चांदव्याची मादी अंडी घोळवर घालते. आणि आक्का दर आठवड्याला येऊन ती खुडून नेतात.

या वर्षी भाद्रपदात त्या आल्या तेव्हा मी त्यांना पानाखालची अळी दाखवली. काळपट, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे.

“ह्या किडासाठे मी भाजी सोडू?” त्या म्हणाल्या. पण नळाच्या डाव्या अंगाचा वीतभर पट्टा तसाच राहिला.

काही दिवसांनी तीच अळी कठड्याच्या खाली उलटी लटकून कोष झाली. आठवडाभर रोज उजाडताच मी मोबाईल घेऊन समोर बसायचो. आठव्या दिवशी मोबाईल आत चार्जिंगला होता आणि मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर रिकामं टरफल लटकलेलं, आणि आक्का हातात टोपली घेऊन उभ्या.

“निंघनं आणि उडी गयं,” त्या म्हणाल्या.

“नारिंगी होतं का काळं?”

“काळं. पांढरा ठिपका व्हतात त्याले.”

“किती?”

आक्कांनी घोळची जुडी टोपलीत ठेवली. “सहा,” त्या म्हणाल्या. “मोजात मी.”