पार्श्वभूमी: ठाण्यात घडणारा 'अजेय' आणि खेळण्यांवरचा आयात कर

ठाणे आणि नवी मुंबईतली काही मंडळी सध्या टी-७२ 'अजेय' या रणगाड्याची १:३५ प्रमाणातली बारकाव्यांसह प्रतिकृती घडवत आहेत. जोडणी, पुटी, प्रायमर, वेदरिंग यांविषयी इथे काही सांगत नाही, वाचकांना ते ठाऊक आहे. प्रश्न त्याच्या आधीचा आहे. चेन्नईजवळच्या आवडीत तयार झालेला, लष्करात सुमारे २,४०० च्या संख्येने असलेला रणगाडा आपल्याला परदेशी किटमधूनच (जोडायच्या सुट्या प्लॅस्टिक भागांच्या संचातूनच) का काढावा लागतो, आणि ते किट हातात पडेपर्यंत एवढे महाग का होते?

आधी प्रमाणाबद्दल थोडे. १:३५ हा आकडा कुठल्याही तक्त्यातून आलेला नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या टामिया कंपनीने मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा बाजारात आणला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील अशा बेताने त्याचे माप ठरवले. मागाहून हिशोब केल्यावर तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याएवढा निघाला. पुढची किट त्याच मापात निघत गेली, बाकीच्या कंपन्याही त्यामागे गेल्या. टी-७२ चे धड ६.९५ मीटर लांब आणि ३.५९ मीटर रुंद आहे, तोफ पुढे धरली तर एकूण लांबी ९.५३ मीटर भरते. १:३५ मध्ये धड २० सेंटिमीटरला जरा कमी, तोफेसकट सुमारे २७ सेंटिमीटर. एवढा रणगाडा फ्लॅटमधल्या कपाटाच्या फळीवर बसतो आणि झाकणांच्या बिजागऱ्याही दाखवता येतात. १:७२ मध्ये धड १० सेंटिमीटरच्या आत येते आणि बिजागरी म्हणजे निव्वळ एक रेघ उरते.

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीचा मॉडेलिंगशी संबंध बहुतेक एनसीसीच्या हवाई शाखेतून आला. बाल्सा लाकूड, टिश्यू पेपर, ग्लायडर. रणगाड्यांची प्लॅस्टिक किट तेव्हा आयात परवान्यांच्या भिंतीपलीकडे होती. आखातात किंवा सिंगापूरला गेलेल्या नातेवाइकाने बॅगेतून आणले तरच मिळायचे. १९९१ नंतर ही भिंत हळूहळू खचली आणि २००१ च्या एप्रिलपर्यंत आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंधही उठले. क्रॉफर्ड मार्केटच्या फेऱ्या, दुकानदाराकडे नोंदवून ठेवलेली मागणी, मग इंटरनेटवरून मागवलेली पार्सले, ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

रणगाडा इथे बनू लागल्यावर थोड्याच वर्षांत त्याचे किटही निघाले, हा योगायोग आमच्या कामाला फार उपयोगी पडला. सोव्हिएत संघाकडून टी-७२ घ्यायला भारताने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली. १९८० च्या दशकात आवडीला परवान्याखाली टी-७२एम१ या आवृत्तीचे उत्पादन सुरू झाले आणि त्याला 'अजेय' हे नाव मिळाले. टामियाचे टी-७२एम१ चे १:३५ किट १९९० च्या सुमारास आले. आज त्याचे पट्ट्यासारखे अखंड ट्रॅक जुनाट वाटतात, पण टरेटचा (तोफेच्या फिरत्या घुमटाचा) ओतीव गोलवा त्यात चांगला उतरला आहे. पुढे चिनी कंपन्यांनी टी-७२ च्या कितीतरी आवृत्त्या काढल्या, ट्रॅकची सुटी कडीन् कडी दिली, तोफेला धातूची नळी दिली.

तरीही त्यातून 'अजेय' आयता निघत नाही. टी-७२एम१ म्हणून जे मिळते त्यावर भारतीय बदल आपल्यालाच करावे लागतात, आणि सुधारित आवृत्तीत सर्वांत ठळक बदल ईआरएचा (एक्स्प्लोझिव्ह रिअॅक्टिव्ह आर्मर) आहे. हे स्फोटक कवच पुण्याच्या पाषाण भागातल्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झाले. त्याच्या पेट्यांचा आकार आणि मांडणी सोव्हिएत 'कोन्ताक्त-१' या कवचासारखी नाही. त्या रशियन कवचाच्या विटा चिकटवून वर भारतीय क्रमांक टाकलेली मॉडेले प्रदर्शनांत दिसतात. मेहनत त्यांतही असते, पण तो 'अजेय' नव्हे. थोडक्यात, परदेशी किट हा आपल्यासाठी कच्चा माल आहे, आणि नेमका हा कच्चा मालच २०२० पासून अडला आहे.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. स्केल मॉडेल या कक्षेत कसे आले हे नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळा राग दिल्लीवर काढला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे.

मालाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण जगभरचे सीमाशुल्क खाते वापरते. त्यात ९५०३ या शीर्षकाखाली खेळण्यांच्या सोबतच लहान प्रमाणातली मॉडेले पूर्वीपासून नोंदलेली आहेत, चालती असोत वा नसोत. हे दिल्लीत ठरलेले नाही. पण २००७ पर्यंत निदान चाकांच्या खेळण्यांना ९५०१, बाहुल्यांना ९५०२ आणि इतर खेळणी व मॉडेलांना ९५०३ अशी वेगळी घरे होती. २००७ च्या सुधारणेत ही तिन्ही एकत्र करून ९५०३ मध्ये घातली गेली. तेव्हापासून तान्ह्या बाळाचा खुळखुळा आणि फोटो-एच पत्र्यासकट (रसायनाने कोरलेल्या बारीक धातूच्या भागांसकट) येणारा रणगाडा यांचा सहा आकडी क्रमांक एकच झाला. तेरा वर्षांनी भारताने त्या संपूर्ण शीर्षकावर कर वाढवला तेव्हा किटही आपोआप त्यात ओढले गेले. सहा आकड्यांच्या पुढे स्वतःचे आठ आकडी उपविभाग पाडण्याची मुभा प्रत्येक देशाला असते. मॉडेलांसाठी वेगळी ओळ ठेवून तिला जुनाच दर लावणे शक्य होते. ते झाले नाही, आणि माझ्या मते चूक तिथे झाली.

करवाढीमागचे कारण खोटे नव्हते. स्वस्त, रंगात शिसे असलेली, तपासणी न झालेली खेळणी बाजारात भरून वाहत होती आणि सावंतवाडी, चन्नपट्टणसारख्या ठिकाणचे कारागीर त्यांच्यापुढे टिकत नव्हते. सरकारी आकडेवारीप्रमाणे खेळण्यांची आयात २०१८-१९ मधल्या ३७१ दशलक्ष डॉलरवरून २०२१-२२ मध्ये ११० दशलक्षावर आली. खेळण्यांपुरते धोरण चालले असे म्हणायला जागा आहे. पण संरक्षण द्यायचे तर ज्याला द्यायचे तो उत्पादक असावा लागतो. १:३५ चा इंजेक्शन-मोल्ड रणगाडा काढून दुकानांत नियमित पुरवणारा भारतीय कारखाना २०२० मध्येही नव्हता. साच्यावर लाखो रुपये घालून काही हजार नगही खपतील की नाही अशी बाजारपेठ असेल तर तो निघणार कसा? करवाढीने तो निघालाही नाही. त्यामुळे या कराने इथे कोणाचे रक्षण केलेले नाही, छंद तेवढा महाग केला.

यातच दुसरी अडचण मिसळली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश लागू झाला आणि आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी असलेल्या वस्तूंचा आहे. बहुतेक किटच्या खोक्यावर '१४+' छापलेले असते, म्हणजे आदेशाच्या भाषेत ती बाहेर पडायला हवीत. करासाठी मात्र तीच वस्तू ९५०३ खाली, म्हणजे खेळण्यांच्याच घरात. एका कागदावर खेळणे, दुसऱ्यावर नाही. पार्सल उघडणाऱ्या अधिकाऱ्याने खोक्यावरचे चित्र बघून जे ठरवावे ते खरे, अशी अवस्था झाली आणि एकसारख्या दोन किटना दोन निराळे निकाल मिळू लागले. न्हावा शेवा बंदर इथून खाडीपलीकडे, पण कंटेनरमधून किट आणणाऱ्या व्यापाऱ्याने ही अनिश्चितता पाहून मागणीच कमी केली. तो पूर्ण दर भरतो. स्वतःच्या वापरासाठी टपालाने मागवलेल्या वस्तूंचे ९८०४ हे शीर्षक वेगळे, त्याचा दर ७० टक्क्यांहून कमी. म्हणून ज्याला जमते तो दुकानाला वळसा घालून स्वतः मागवतो, आणि दुकाने आणखी रोडावतात. भेट म्हणून करमुक्त पाठवलेल्या वस्तूंची वाटही २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली, त्यातून फक्त जीवरक्षक औषधे आणि राख्या वगळल्या गेल्या.

कर कमी करा, एवढीच मागणी मांडली की ती हौशी लोकांची कुरकुर ठरते. मागणी वेगळ्या उपविभागाची हवी. तिला आधार आहे, आणि ती मान्य केल्याने सावंतवाडीच्या कारागिराचे काही बिघडत नाही.

दरम्यान इथल्या लोकांनी वाट काढली ती इथल्याच उद्योगातून. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, तिथे डाय आणि टूलरूमची, म्हणजे साचे व हत्यारे घडवण्याची, परंपरा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे-महापेच्या बाजूला, लेझर कटिंग करून देणारे आहेत. घोडबंदर रोडवर आणि खारघरच्या बाजूला टॉवर उभे राहू लागले तेव्हा बिल्डरांच्या विक्री कार्यालयांसाठी इमारतींची मॉडेले करणाऱ्या कार्यशाळांना काम मिळाले, आणि अॅक्रिलिक व प्लॅस्टिकच्या पातळ शीट, बारीक कापकाम, स्प्रे बूथ यांची माहिती त्यांच्याकडून आमच्या लोकांपर्यंत आली. थ्रीडी प्रिंटिंगचे एक मुख्य पेटंट २००९ मध्ये संपले, तरी छोट्या तपशिलाला हवा तसा रेझिन प्रिंटर २०१८ च्या सुमारास घरगुती किमतीत आला. ईआरएच्या पेट्या आज पडद्यावर आखून इथेच छापल्या जातात. आधी त्या शीटमधून एकेक कापाव्या लागत, आणि शंभराच्या आसपास पेट्यांच्या कडा सारख्या ठेवणे हे खरोखर कठीण काम होते. रंगाचेही तसेच. ज्वलनशील थिनर विमानाने पाठवायला निर्बंध आहेत, त्यामुळे गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून हिरवा जुळवून घेतला जातो. जुलैत मात्र लॅकर मारायचा नाही. इथल्या दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते आणि सगळा थर पुन्हा घासावा लागतो.

संदर्भ गोळा करणे हा सर्वांत चिवट भाग आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा प्रतिबंधित जागांना लागू होतो, त्यामुळे कॅमेरा घेऊन लष्करी तळाजवळ फिरण्याचा विचारही कोणी करू नये. उघडपणे मिळते ते प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे चित्रण, सरावाची अधिकृत छायाचित्रे, आणि अहिल्यानगरचे १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय, जिथे सेंच्युरियन आणि विजयंत हे जुने रणगाडे जवळून पाहून भारतीय वाहनांवरची जोडणी कशी असते हे शिकता येते. आवडीचा कारखाना आणि ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी २०२१ च्या पुनर्रचनेनंतर एकाच सरकारी कंपनीत आल्या आहेत, हे इथे पुष्कळांना माहीत नसते. क्रमांकाच्या डिकलसाठीही (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हासाठीही) छायाचित्रच लागते. वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग पुढचा क्रमांक. बाण आडवा किंवा उलटा छापलेले परदेशी डिकल सरळ बाजूला ठेवावे.

सध्या चर्चा आहे ती कोणत्या वर्षीचा 'अजेय' दाखवायचा याची. मार्च २०२५ मध्ये टी-७२ साठी १,००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४८ दशलक्ष डॉलरचा करार झाला. आजवरचे इंजिन ७८० अश्वशक्तीचे होते. नवे इंजिन बसवलेल्या रणगाड्याच्या मागच्या डेकची (इंजिनावरच्या पृष्ठभागाची) खात्रीची छायाचित्रे हाताशी नसताना तो भाग अंदाजाने करायला कोणी तयार नाही. म्हणून ईआरए असलेला, जुन्या इंजिनाचा, करारापूर्वीचा रणगाडा करायचे ठरले आहे. डेकच्या जाळ्यांचे पितळी पत्रे मागवले आहेत.