इंग्रजी धावते, मराठी चालते

येवल्यात पैठणी घेताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "रनिंग ब्लाउज पीस आहे ना?" म्हणजे ब्लाउजचं कापड सुटं न देता साडीच्याच लांबीत पुढे विणलेलं आहे ना. नाशिकच्या मेन रोडवरचा दुकानदार हाच शब्द वापरून निराळंच सांगतो. "ताई, हा रनिंग आयटम आहे," म्हणजे रोज खपणारा. फरशी बसवणारा मिस्त्री स्कर्टिंगचा भाव रनिंग फुटावर लावतो. जुनी मोटरसायकल बघायला गेलं की पहिली चौकशी "रनिंग किती झालंय?" आणि सरकारी कामाच्या ठेकेदाराला विचाराल तेव्हा त्याचं एखादं रनिंग बिल, म्हणजे काम सुरू असतानाच टप्प्याटप्प्याने लावायचं बिल, अडकलेलंच असतं. लांबी, खप, किलोमीटर, उधारी. यात धावतंय कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

या रनिंगच्या मुळाशी असलेलं 'रन' हे इंग्रजीतलं सर्वांत जास्त अर्थांचं क्रियापद मानलं जातं. हा मान त्याला अलीकडेच मिळाला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा पहिला नंबर 'सेट'चा होता. त्या एका क्रियापदाखाली ४३० अर्थ नोंदवलेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ची पाळी आली. पीटर गिलिव्हर हे कोशकार त्या एका शब्दापाशी नऊ महिने बसले आणि २०११ मध्ये आकडा पुढे आला: ६४५. तोही नुसत्या क्रियापदाचा, नामाचा हिशोब वेगळा. या कोशाला घाई कधी मानवलेलीच नाही. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. मरे स्वतः १९१५ मध्येच गेले होते. हौशी वाचकांनी पुस्तकांतून वाक्यं उतरवून चिठ्ठ्या पाठवायच्या आणि संपादकांनी त्या लावून अर्थांची वंशावळ मांडायची, अशी ती रीत होती.

वंशावळीत मागे गेलं की पाणी लागतं. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाची 'रिनन' आणि 'इर्नन' अशी दोन्ही रूपं सापडतात. र आणि शेजारचा स्वर यांनी जागा बदलली, एवढाच फरक. अवकाळी पावसानंतर निफाडचा द्राक्षबागायतदार "लई नुसकान झालं" म्हणतो, तेव्हा क आणि स अशीच अदलाबदल करतात. जर्मनमध्ये आजही दोन सख्खी क्रियापदं वेगळी नांदतात, 'रिनेन' म्हणजे वाहणे आणि 'रेनेन' म्हणजे धावणे. इंग्रजीत ही जोडी एका 'रन'मध्ये मिसळून गेली. म्हणून इंग्रज जेव्हा नदी धावते म्हणतो, तेव्हा तो कविता करत नसतो. वाहणं हा त्या शब्दाचा मूळचाच संसार आहे. नाक, नळ, डोळ्यातलं काजळ आणि धुण्यात सुटलेला साडीचा रंग हे सगळं इंग्रजीत 'रन' होतं ते त्याच नात्याने. मराठीत नाक वाहतं, नळ चालू असतो, काजळ पसरतं आणि रंग जातो. एका शब्दाच्या जागी चार.

गंमत अशी की आपल्या 'धावणे'लाही हे वाहणं एके काळी ठाऊक होतं. संस्कृतातल्या 'धाव्' धातूचे अर्थ धावणे आणि वाहणे असे दोन्ही आहेत. वेदांत सोमरसाच्या धारा धावतात. याच रूपाच्या दुसऱ्या धातूचा अर्थ धुणे, पाण्याने स्वच्छ करणे. 'दंतधावन' या शब्दाकडे शाळेत असताना आम्ही संशयाने बघायचो, त्यात दात कुठे पळत नाहीत ते यामुळे. म्हणजे भांडवल दोघांकडे सारखंच होतं. इंग्रजीने ते 'रन'मध्ये राखलं आणि वाढवलं. मराठीने पाणी 'वाहणे'च्या स्वाधीन केलं, स्वच्छता 'धुणे'ला दिली आणि 'धावणे'कडे जवळपास पायांचंच काम उरलं.

जवळपास म्हटलं, कारण काही जागा त्याने राखल्या. विहिरीवर मोट होती तेव्हा बैल ज्या उतारावरून मोट ओढत जायचे त्याला 'धाव' म्हणत. बैलगाडीच्या लाकडी चाकाला बसवलेली लोखंडी पट्टी तीही 'धाव'. देवाचा धावा करायचा म्हणजे तो धावत येईल अशी हाक मारायची. यात भक्त एका जागी बसून असतो, धावायचं देवाने. आणि क्रिकेटची धाव. तिच्यात इंग्रजीचा सगळा विक्षिप्तपणा मराठीने जसाच्या तसा उचललाय. चेंडू सीमेपार गेला की फलंदाज बॅटवर रेलून उभा राहतो आणि फलकावर चार धावा चढतात.

'रन'चे अर्थ इतके कसे वाढले, याचं मोठं श्रेय यंत्रांना दिलं जातं. चाक फिरलं, पट्टा सरकला, वाफेचं इंजिन सुरू झालं, आगगाडी रुळावर आली, आणि या सगळ्याला इंग्रजीने एकच शब्द लावला. यंत्र चालतं म्हटल्यावर कारखाना, कारखान्यानंतर कंपनी, मग वर्तमानपत्र, नाटकाचे प्रयोग, खातं, सरकार अशी 'रन'ची मजल गेली. शेवटी कॉम्प्युटर आला आणि प्रोग्रामही 'रन' व्हायला लागला.

नेमकं याच वळणावर मराठीने दुसरा शब्द पुढे केला. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली खुला झाला आणि मुंबईची गाडी सह्याद्री चढून इगतपुरीवरून नाशिककडे येऊ लागली. इंग्रजीत ती धावत आली. मराठी माणसाच्या तोंडी मात्र गाडी चालते, सुटते, लागते, निघते. 'जादा गाड्या धावणार' ही वर्तमानपत्री मराठी आहे आणि तिच्यावर इंग्रजी बातमीची सावली स्पष्ट दिसते. नाशिक रोडच्या फलाटावर पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघत उभा असलेला पासधारक 'पंचवटी उशिराने धावत आहे' असं कधी बोलत नाही. "पंचवटी लेट आहे," एवढंच. ओझरच्या विमानतळावरची धावपट्टी हाही इंग्रजीवरून बेतलेला शब्द, पण तिथे तक्रार नाही, विमान खरंच धावतं.

'चालणे' मुळात प्राकृतातल्या 'चल्ल'चं, म्हणजे संस्कृत 'चल्'चं. ते यंत्रापुरतं थांबलं नाही. दुकान चालतं, सिनेमा चालतो, खटला चालतो, वर्ग चालतो. डोकं चालतं आणि बहुतेक वेळा चालत नाही. हात चालतो, जीभ त्याहून जास्त. तुटपुंज्या पगारात घर चालवतात. गाण्याला चाल असते, बुद्धिबळातही असते. 'चालता हो' म्हटलं की नातं संपतं. आणि एक अर्थ असा आहे की इंग्रजी 'रन'ला ६४५ अर्थांतही तो जमलेला नाही: उपासाला काय चालतं? साबुदाणा चालतो, भगर चालते, कोथिंबीर काहींकडे चालते आणि काहींकडे नाही. खाण्याच्या पदार्थाने पाय न हलवता धर्मसंमत व्हायचं, हे 'चालणे'लाच शक्य आहे. "चालेल" या एका शब्दावर लग्नं जमतात.

या दोन शब्दांची सर्वांत चांगली गाठ पडते ती नाशिक रोडला. इथल्या नोटांच्या छापखान्याचं सरकारी नाव आहे 'चलार्थ पत्र मुद्रणालय'. गावाला हे नाव पेलत नाही, सगळे 'प्रेस' म्हणतात आणि "वडील प्रेसमध्ये होते" एवढ्यावर ओळख पुरी होते. प्रतिभूति मुद्रणालय, म्हणजे सिक्युरिटी प्रेस, त्याच्या आधीचं, १९२५ चं. तोवर लंडनहून छापून येणारी भारताची टपाल तिकिटं १९२६ पासून इथे छापली जाऊ लागली. नोटांचा छापखाना १९२८ चा, आणि पहिली छापली ती पाच रुपयांची नोट. चलार्थ म्हणजे चालणारं धन. इंग्रजीतला 'करन्सी' हा शब्द लॅटिनमधल्या 'कुरेरे'वरून आला आणि 'कुरेरे' म्हणजे धावणे. पैसा या हातातून त्या हातात वाहतो, पळतो, म्हणून करन्सी. हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. म्हणजे एकाच इमारतीवरच्या दोन भाषांतल्या पाट्यांवर पैसा इंग्रजीत धावतो आणि देवनागरीत चालतो. बँकेतही तेच. 'करंट अकाउंट' धावतं, 'चालू खातं' चालतं. शाळेतही. 'करिक्युलम' म्हणजे शर्यतीची धाव, तर 'अभ्यासक्रम'मधला क्रम म्हणजे एकेक टाकलेलं पाऊल. मुलांच्या दप्तराकडे बघून यातलं कुठलं नाव खरं वाटतं ते पालकांनी ठरवावं.

नाण्याचं 'चालणं' कुणी इंग्रजी वाचून शिकवलेलं नाही. प्रेस यायच्या कितीतरी आधी चांदवडच्या टांकसाळीत होळकरांच्या अमलात रुपये पाडले जात. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या पेठेत चालेलच असं नसे. सराफ तो पारखून घेई आणि कमी कसाबद्दल बट्टा लावी. गोदेला पूर आला की पहिल्यांदा पाणी शिरतं त्या सराफ बाजारात 'चालतं नाणं' हा शब्द अक्षरशः व्यवहाराचा होता, गुळगुळीत झालेला वाक्प्रचार नव्हता. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तो पुन्हा तसाच झाला. पाचशे आणि हजारच्या नोटा 'वैध चलन राहणार नाहीत' असं टीव्हीवर सांगितलं गेलं आणि घराघरांत त्याचा एकच तर्जुमा झाला: चालणार नाहीत. पोलीस गाडी अडवून फाडतात ते चलानही याच 'चल्'च्या गोतावळ्यातलं. चलान म्हणजे मूळ रवानगी, पाठवणी.

निवडणुकीत तिसराच प्रकार होतो. अमेरिकेत उमेदवार पदासाठी 'रन' करतो, धावतो. इंग्लंडमध्ये तो उभा राहतो. मराठीत कुणी धावतही नाही आणि चालतही नाही, वॉर्डातून उभा राहतो. मग निवडून येतो किंवा पडतो. उभं राहण्याचा शेवट पडण्यात होणं हे भाषेच्या दृष्टीनेही सुसंगत आहे.

आता सुरुवातीच्या रनिंगकडे. इतकं राबणारं 'चालणे' घरात असताना बाजाराला 'रनिंग' का लागलं? मला वाटतं, दोष 'चालू'चा आहे. सततचं, सध्याचं, सुरू असलेलं या अर्थांचा तो साधा शब्द. चालू वर्ष, चालू घडामोडी. पण माणसाला लावला की तो लबाड होतो आणि मालाला लावला की हलका. 'चालू क्वालिटी' म्हणजे कशीबशी. तेव्हा पैठणीला 'चालू ब्लाउज पीस' आहे असं सांगितलं, तर गिऱ्हाईक साडी घडी घालून परत देईल. रोज खपणाऱ्या मालाला 'चालू आयटम' म्हणणंही धंद्याला परवडणारं नाही. ठेकेदाराच्या कागदावर 'चालू देयक' असं शुद्ध मराठी छापलेलं असतं, पण तोंडी तो रनिंग बिलच म्हणतो, कदाचित चालू बिल म्हटल्यावर समोरचा निराळं समजेल म्हणून. आपल्याच शब्दाला बट्टा लागला आणि परक्या नाण्याने जागा घेतली. इंग्रजीचंही असं होतंच. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर परिणाम व्हायचा, त्याला स्वतःच्या भाषेत शब्द मिळेना म्हणून त्यांनी देवळालीचंच 'डूलॅली' केलं. पूर्ण रूप 'डूलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

'रनिंग' मात्र नाम-विशेषणाच्या पुढे सरकलं नाही. "गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे" म्हणतात, "गाडी रन होते" म्हणत नाहीत. क्रियापदाच्या जागेवर 'चालणे' अजून घट्ट बसून आहे, अपवाद कॉम्प्युटरचा. तिथली वाटणी ऐकायची तर नाशिकच्या सातपूर नाही तर अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जावं. सीएनसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा पोरगा सुपरवायझरला सांगत असतो, "सर, मशीन चालू आहे, पण प्रोग्राम रन होत नाहीये." आणि सुपरवायझर म्हणतो, "चालेल, बंद करून परत चालू कर."