जरा वरच्या थ्रेडला बोलावता का?

सदाशिव पेठेतल्या कित्येक वाड्यांत एके काळी एकच फोन असे, मालकांकडे. बाकीच्या बिऱ्हाडांनी तोच नंबर पुढे ‘पीपी’ लिहून नातेवाइकांना दिलेला. फोन करणारा म्हणे, “जरा वरच्या जोश्यांना बोलावता का?” जोशी आले की पुढचं सगळं बोलणं त्यांच्याशीच. जीडीबी हा डीबगर (चालत्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) दूरच्या यंत्राशी बोलतो तो अगदी असाच.

भोसरी-हिंजवडीकडे गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करणाऱ्यांच्या टेबलांवर हे रोजचंच. लॅपटॉपवर जीडीबी, वायरच्या दुसऱ्या टोकाला बोर्ड, आणि त्यावर निरोप घेणारा ‘स्टब’ नावाचा छोटा प्रोग्राम. तो आपला वाड्याचा मालक. आत बरेच थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधली वेगवेगळी चालणारी कामं, नांदत असतात: एक सेन्सर वाचतोय, दुसरा मोटर फिरवतोय. प्रत्येकाची रजिस्टरं (प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या नोंदी) वेगळी, स्टॅक (चालू कामाच्या नोंदींची चळत) वेगळा. आता गंमत अशी, की रजिस्टरं मागायचा निरोप एकाच अक्षराचा, ‘जी’. कोणाची हवीत ते सांगायला त्यात जागाच नाही.

म्हणून आधी ‘एच’चा निरोप जातो. वायरवर तो असा दिसतो: डॉलर, एच, जी, १, हॅश, ई, ०. शेवटची दोन चिन्हं म्हणजे पडताळणी. एच, जी आणि १ यांचे संगणकातले कोड ७२, १०३ आणि ४९, बेरीज २२४, षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत तीच ‘ई०’. (बेरीज २५५च्या वर गेली तर २५६ने भागून बाकी घ्यायची.) ती जुळली तर पलीकडून अधिकचं चिन्ह येतं, नाही तर वजाचं, म्हणजे पुन्हा पाठवा. मग ‘ओके’ आलं की १ नंबरचा थ्रेड फोनवर आला समजा. १च्या जागी ० असेल तर कोणीही चालेल. कोणाला बोलावलंय हे जीडीबी लक्षात ठेवतो. त्याच थ्रेडला लगेच पुन्हा काही विचारायचं असेल, तर एचचा निरोप परत धाडत नाही.

पण कोणाशी बोलायचं आणि कोणाला चालवायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नवखे इथेच फसतात. थ्रेड २ निवडला, ‘स्टेप’ दाबलं, म्हणजे तेवढाच हलला असं त्यांना वाटतं. चालवण्यासाठी हल्ली ‘व्हीकॉन्ट’ हा निरोप जातो, आणि त्याचा नेहमीचा अर्थ असा: २ला एक पाऊल टाकू दे, बाकीच्यांना मोकळं सोड. त्या मोकळ्यांतला एखादा ब्रेकपॉइंटवर (‘इथे थांब’ म्हणून खूण केलेल्या जागी) अडकला की सगळेच थांबतात, स्टब ‘टी०५’ या थांबल्याच्या निरोपासोबत त्याचा नंबर कळवतो आणि जीडीबी परस्पर त्या थ्रेडवर जाऊन बसतो. हे नको असेल तर ‘शेड्युलर-लॉकिंग’ चालू करावं, म्हणजे निवडलेला थ्रेडच तेवढा चालतो. मात्र निवडलेला थ्रेड दुसऱ्याने धरलेल्या कुलपासाठी (एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणाऱ्या अडसरासाठी) खोळंबला असेल, तर तो खोळंबलेलाच राहणार.

मी एकदा स्वतः स्टब लिहिला होता. जीडीबीत सातही थ्रेड एकाच ओळीवर उभे दिसायचे. दोन दिवस मी डेडलॉक (थ्रेड एकमेकांसाठी अडून बसणं) शोधत होतो. शेवटी कळलं, माझा स्टब एचच्या प्रत्येक निरोपाला ‘ओके’ म्हणायचा आणि रजिस्टरं मात्र दर वेळी थांबलेल्या त्याच एका थ्रेडची द्यायचा. “बोलावतो हं,” म्हणून मालक स्वतःच जोश्यांच्या आवाजात बोलत होते.